गुरुवारचं माहेर

गुरु. २० सप्टें. ७३, सातारा
माझ्या खुणांच्या वहीनं आज घात केला. नंबर कोण पाठ करत बसणार? टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर आम्ही सगळ्याजणी मीच पाडलेली नावं वापरतो. 'गोडवा' म्हणजे साखर कारखाना. 'माहेर' म्हणजे माधवनगर, डॉक्टरीणबाईंची आई. बाई दर गुरुवारी चारला तिला फोन लावतात. आज काउंटरवर हौसाबाई आल्या. इथं शाळेत शिपाई, सासर दहिवडीकडं. "माहेरी फोन लावा," म्हणाल्या. काउंटरवरची नलू नवी, चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं. मी डोळे झाकून माधवनगर जोडलं. त्यांना हवं होतं आष्टा, भावाच्या शेजारचं दुकान!
कळलं तोवर तीन मिनिटं संपली. हौसाबाई डोळे पुसत बूथबाहेर. तक्रार नाही. उलट, "लय बरं वाटलं."
सुपरवायझरना कळलं तर माझी धडगत नाही.

शुक्र. २१
शाळेत जाऊन हौसाबाईंची माफी मागितली. त्यांना पहिल्या शब्दालाच कळलं होतं म्हणे. "आई जाऊन सा वर्सं झाली. भाऊ फोनवर येतच न्हाई. त्या म्हातारीनं 'जेवलीस का गं?' इचारलं. म्या व्हय म्हनलं. चुकीचा नंबर म्हनायला जीभच उचलंना."
मी तिथंच रडले. वेडी कुठली.

गुरु. २७
आल्या. नवं लुगडं नेसून, फोनला! "त्येच माहेर लावा."
म्हाताऱ्या माणसाला फसवायचं कसं? माधवनगर लागल्यावर आधी मीच बोलले. "आजी, गेल्या गुरुवारी तुमची लेक नव्हती. चूक माझी."
"ठाऊक हाय मला. माझी लेक रडत न्हाई, घाईत असती. जोड की."
जोडलं. चोंबडेपणा केला, थोडं ऐकलं. चकलीच्या भाजणीवर चाललं होतं. किती गोड बोलतात दोघी.

गुरु. ४ ऑक्टो.
हौसाबाई बूथमध्ये जाईनात. आजींनी मागच्या खेपेला दिवाळीला बोलावलंय.
"तोंड बघितल्याव ही कोन म्हनल्या तर? फोनवर हाय त्येवढंबी जाईल. जाऊ का, बाई?"
"त्यांनाच विचारा," म्हटलं.
गेल्या आत. लाइन लागली. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आजी, "कोन, हौसा का गं?"
हेडफोन काढून ठेवला.