पत्नीची बुधवारची जागा माझ्या नावावर करण्याबाबत

प्रति,
मा. केंद्र अधिकारी,
नागरी आरोग्य केंद्र,
दुसरा मजला.

विषय : माता आधार गटातील माझ्या दिवंगत पत्नीची जागा वारसाने माझ्या नावावर करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) सभागृहाच्या दारावर लावलेली "फक्त मातांसाठी" ही सूचना.
२) माझा मागील अर्ज, जो "मातृत्वाचा पुरावा जोडावा" असा शेरा होऊन परत आला.

महोदया,

मी लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. मला दोन मुले आहेत. मोठी मुलगी दहा वर्षांची आहे, धाकटा मुलगा पाच वर्षांचा. माझी पत्नी गेल्या वर्षी आजारपणात वारली. मला अर्ज लिहिण्याची सवय नाही, म्हणून जसे घडले तसे सांगतो.

१. पत्नी दर बुधवारी दुपारी आपल्या केंद्राच्या सभागृहात भरणाऱ्या माता आधार गटात जात असे. या गटाची पद्धत आपल्या फायलीत असेलच, पण फायलीत ती नीट कळत नाही. बाया गोल बसतात. प्रत्येकीने आपल्या डोक्यात फिरत असलेली एक गोष्ट सांगायची. कोणाच्या बाळाची लस, कोणाच्या मुलाचे जंताचे औषध, कोणाच्या सासूबाईंचा चष्मा. डाव्या हाताला बसलेली बाई ती गोष्ट आठवडाभर आपल्याकडे घेते आणि वेळ आली की आठवण करून देते. काम जिचे तिलाच करावे लागते, फक्त ते लक्षात ठेवायचे ओझे उतरते. गटात एक बस कंडक्टर आहेत. त्या म्हणतात, "दुसरीची गोष्ट लक्षात ठेवायला काय लागतं? विसरलं तर तिची सासू बोलेल, आपली नाही."

२. पत्नी गेल्यावर गटातील बाया घरी भेटायला आल्या. सगळ्या उठल्या, पण शिवणकाम करणाऱ्या बाई उठेनात. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, अशा वेळी बोलू नये, पण माझी एक गोष्ट वहिनींकडे राहिली." त्यांच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी पत्नीकडे दिली होती आणि गटाच्या पद्धतीप्रमाणे स्वतःच्या डोक्यातून काढून टाकली होती. मी दवाखान्यात जाऊन तारीख विचारून आलो आणि त्यांना कळवली. ऑपरेशन झाले. आई आता सुईत दोरा ओवतात आणि सुनेला नावे ठेवतात. पत्नीच्या नावावर विजेचे मीटर होते, ते माझ्या नावावर झाले. गॅसची जोडणीही झाली. ही तारीखही तशीच माझ्याकडे आली, असे मी धरले. तेव्हा बायाच म्हणाल्या, की मग बुधवारी तुम्हीच या, तिची खुर्ची तशीच आहे.

३. मी जाऊ लागलो. सुरुवातीला माझे चुकले हे मान्य आहे. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंच्या मुलाचे दात दाखवायचे होते, ती गोष्ट माझ्याकडे होती. आमच्या कामात लिफ्टची रोज तपासणी करतात, म्हणून मी त्यांना रोज सकाळी फोन करून दातांची स्थिती विचारत असे. त्यांनी गटात सांगितले, "यांना आवरा, माझा नवरासुद्धा एवढे फोन करत नाही." तेव्हापासून मी एकदाच आठवण करून देतो आणि पुढे माणसावर सोडतो. हे मला लिफ्टमध्ये कधी जमले नव्हते.

४. एकदा धाकटा एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून शाळेत गेला. नवे बूट घ्यायचे हे त्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे होते. शाळेतून मला बोलावले, तर त्या माझ्याबरोबर आल्या आणि शिक्षिकेला म्हणाल्या, "यांना बोलू नका, बूट माझ्याकडे होते." शिक्षिकेला काही कळले नाही. मला मात्र पत्नी गेल्यापासून चूक वाटून घेणारे माणूस प्रथमच भेटले. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो आणि झोपलो. एरवी मी जेवतो किंवा झोपतो.

५. नंतर तपासणी पथक आले. त्यांनी हजेरीपटात माझी सही पाहून "गटात पुरुष आढळला" असा शेरा दिला. पाण्याच्या टाकीत काही आढळावे तसा मी आढळलो. दुसऱ्या बुधवारी दारावर सूचना लागली. बायांच्या काही गोष्टी माझ्यासमोर बोलण्याजोग्या नसतात, ही आपली अडचण मी जाणतो. त्याची सोय गटाने आधीच केली होती. तसा विषय निघाला की कंडक्टरबाई म्हणत, "भाऊ, जरा लिफ्ट बघून या." मी उठून जात असे आणि खरोखर लिफ्ट बघत असे. आपल्या केंद्राची लिफ्ट तेव्हा एकदाही अडकली नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. सध्या ती पहिल्या मजल्यावर धक्का देते, हेही आले असेल. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. तारेला वंगण हवे आहे.

६. आपले लिपिक भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला गटाचा छापील फॉर्म दिला. त्यात "प्रसूतीची तारीख" या रकान्यात मी दोन्ही मुलांच्या जन्मतारखा लिहिल्या आणि दोन्ही वेळी मी बाहेर बाकावर होतो असे खरे ते नमूद केले. "पतीची संमती आहे काय" येथे "आहे" असे लिहिले. खाली पतीची सही केली. लिपिक म्हणाले, अर्जदाराची आणि पतीची सही सारखीच दिसते, शंका येईल. मी म्हणालो, संसारात माणसे एकमेकांसारखी होतात. ते हसले, पण फॉर्म परत दिला.

७. त्यांच्याच सल्ल्याने मी तळमजल्यावरच्या पुरुष विरंगुळा मंडळातही जाऊन आलो. तिथे कॅरम चालतो. सगळ्यांनी जागा करून दिली, चहा दिला, "मन रमेल" म्हणाले. मी विचारले, की पोराला सकाळपासून जुलाब होत असले तर शाळेत पाठवावे की ठेवून घ्यावे. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अहो, हे घरी विचारा. इकडे सोंगटी बघा." घरी विचारायला कोणी नाही म्हणूनच मी घराबाहेर पडलो होतो. माणसे वाईट नाहीत. राणी माझीच झाली.

८. आपल्यालाही मी समक्ष भेटलो. आपण मला समजावत होता, की हा गट ज्या बायकांच्या डोक्यावर घराचा ताण असतो त्यांच्यासाठी आहे. तेवढ्यात आपल्याला घरून फोन आला. निळी पिशवी दाराच्या मागे आहे, दाराच्या मागे म्हणजे दाराच्याच मागे, असे आपण सांगत होता. फोन ठेवल्यावर आपले कुठपर्यंत बोलणे झाले होते ते आपल्याला आठवेना, मला आठवत होते. गटात अधिकाऱ्यांना मनाई आहे असे नियमात कुठे दिसत नाही. एवढेच लिहितो.

९. आता मुख्य गोष्ट. आमच्या कामात एक साधा हिशेब आहे. वजन वर धरून ठेवले नाही तर ते हवेत राहत नाही, खाली उतरते. माझ्या घरात माझ्या खाली मोठी आहे. पत्नी गेली तेव्हा मोठी दारात उभी राहून विचारायची, "बाबा, गॅस बंद केला का? चावी घेतली का? त्याचा डबा?" मी गटात जाऊ लागल्यावर तिचे हे विचारणे कमी झाले, मग थांबले. तिने भावाशी रंगपेटीवरून मारामारी केली. पाण्याची बाटली हरवली, मग छत्री हरवली, मग दुसरी बाटली. मी तिला वरवर रागावलो. मनातून मला फार बरे वाटले.

सूचना लागल्यापासून तिने काहीही हरवलेले नाही. शिक्षिका सांगतात, की ती तासाला खिडकीतून धाकट्याच्या वर्गाकडे बघत असते, त्याने पाणी प्यायले का म्हणून. परवा मी कामावर निघालो तर म्हणाली, "बाबा, तू जा, माझ्या लक्षात आहे." काय लक्षात आहे ते मी विचारले नाही. सगळेच लक्षात असणार.

१०. काल मी चौकशीसाठी आलो तेव्हा ती बरोबर होती. लिपिकांनी माझ्यावरच्या दयेने पुन्हा नियम काढून पाहिला. त्यात "घरातील मुलांचा सांभाळ करणारी स्त्री" असे आहे, वयाची अट नाही. ते म्हणाले, "तुम्ही बसत नाही, पण मुलगी नियमात बसते बघा." मोठीने लगेच त्यांच्याकडे पेन मागितले.

मी तो कोरा फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि तिला घेऊन बाहेर आलो. जिन्यात ती म्हणाली, "मी गेले असते की. मला चालतं."

तो फॉर्म तिने भरू नये म्हणून हा अर्ज करीत आहे. मला आत घ्यावे. मातांमध्ये बसत नसेन तर दाराजवळ बसवावे, फक्त माझ्या डाव्या हाताला कोणीतरी असावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
लिफ्ट दुरुस्ती कामगार,
दोन मुलांचा बाप

दिनांक : मंगळवार. उद्या गट भरतो.

सोबत :
१) पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) गटातील सर्व मातांच्या सह्यांचे संमतीपत्र. त्यावरचा डाग कडेवरच्या बाळाने केला आहे, कृपया खाडाखोड समजू नये.