बिडीचं पान आणि बसचं तिकीट

१४ जुलै, सोमवार

पुस्तक एक अन् वाचणाऱ्या दोन, हे कोणत्या शहाण्याचं डोकं? विहारातल्या कपाटात पुस्तकं नुसती पडून आहेत, तरी खेमराज गुरुजींनं मले अन् माझ्या सुनेले मिळून एकच कादंबरी दिली. म्हणे, घर एक तर पुस्तक एक. गुरुजींच्या घरी चार मोबाइल आहेत, ते नाही सांगत.

बरं. जय भीम. स्वतःलेच. ही वही माझी आहे, दुसऱ्यानं हात लावू नये.

झालं असं की वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यात, विहारात दर रविवारी ग्रंथवाचन असते. औंदा गुरुजींनं नवीन काढलं. वाचन झालं की बायांनी आपण सध्या कोणती कादंबरी वाचून राहिलो ते सांगायचं, अन् त्यावर आपलं मत द्यायचं. पुस्तक संपायची वाट पाहायची नाही. मत विसरू नये म्हणून तारीख टाकून लिहा म्हणे. मी चौथीपर्यंत शिकली. पण मत द्यायले चौथी लागत नाही.

पुस्तकाचं वरचं पान फाटलेलं आहे. नाव माहीत नाही. नावाशी काय करायचं आहे?

१६ जुलै, बुधवार

सहा पानं झाली. सासूचं नाव पार्वता. सुनेचं नाव नलू. सकाळच्या आभाळाले लेखकानं अर्धं पान दिलं. सकाळी आभाळ पाहायले कोणाले टाइम असते? अजून कोणी चूल पेटवली नाही.

माझी खूण म्हणजे बिडीचं पान. जन्मभर बिड्या वळल्या, घरात पान सापडतेच. सून अल्का बसचं तिकीट घालते. दवनीवाडा ते गोंदिया. तिचं तिकीट माझ्या पानाच्या बरंच पुढं आहे. घाईनं वाचते. समजत नसणार.

२० जुलै, रविवार

नलू शहरात शिलाईच्या कामाले जातो म्हणून हटून बसली. तिथं खोली करू म्हणते.

हे वाचून डोकं तापलं. तेच रडगाणं. अल्का नर्सिंग शिकली आहे. गोंदियाच्या एका दवाखान्यात ड्युटी भेटते, पण सुटायच्या टाइमले गावाची गाडी नसते, तर तिथंच खोली करू असं तिनं होळीत काढलं होतं. मी म्हणलं, मी मेल्यावर जा. विषय बंद. तेव्हापासून आमी दोघी सरळ बोलत नाही. भाजीवरून बोलतो. मीठ जास्त पडलं की मले समजते आज तिचा पारा चढला आहे. आता पुस्तक आलं, तर मिठाची बचत झाली.

विहारात मत दिलं. म्हणलं, ज्या सुनेचा पाय घरात ठरत नाही तिच्यावर लेखकानं कागद खराब करू नये. सगळ्या हसल्या. पुस्तकात विनोद चांगला आहे. अल्का हसली नाही. तिले विनोद समजत नाही.

शेजारची सुशिलाबाई विहारातली नाही, पोवाराच्या घरची, पण ऐकायले येऊन बसते. ती म्हणे, भागीरथाबाई, तुमी पुस्तक सांगून राहिल्या का घर सांगून राहिल्या? मी म्हणलं, सुशिले, तू चहा पे.

संकल्प: आता फक्त पुस्तकाचं बोलायचं. घराचं एक अक्षर नाही.

२१ जुलै

अल्का चूल सारवता सारवता भिंतीले म्हणे, नलूच्या सासूले शिलाईचा पगार चालते, शिलाई चालत नाही. मीही भिंतीलेच म्हणलं, नलूले सासूच्या हातचं चालते, सासू चालत नाही. भिंत गप्प.

संकल्प मोडला नाही. दोघी पुस्तकाचंच बोललो.

३ ऑगस्ट, रविवार

पार्वताचे गुडघे दुखतात. लेखकानं ते दोन ओळीत आटपलं अन् नलूच्या केसाले पाऊण पान. त्याचे गुडघे धड असतील. विहारात हेच सांगितलं. गुरुजी म्हणे, ही तर समीक्षा झाली जी. मी म्हणलं, होणारच.

अल्काची पाळी आली. उठली, म्हणे मी अजून वाचून राहिली, अन् बसली. मत नाही पोरीले. माझ्या घरात मत देणारं एकच माणूस आहे.

९ ऑगस्ट

पुस्तकातलं तिकीट बदललं. नवीन आहे, कालचं. विचारलं तर म्हणे दात दुखते, गोंदियाच्या डॉक्टरकडे जाऊन राहिली. मागच्या हप्त्यातही दातच होता. म्हशीच्या दाताले एवढा टाइम लागत नाही. तोंडाले पाहलं तर गाल सुजलेला नाही. डॉक्टर चांगला असेल.

आज संघदीपनं, म्हणजे माझ्या पोरानं, तिले मोटारसायकलवर नेलं. त्याचं तिथं वायर फिटिंगचं काम चालू आहे. रोज जाऊन येते. तो येते ना परत? मंग नलूले काय झालं होतं परत यायले? लेखकानं याचा विचार केला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

शेतात निंदण चालू आहे, वाचन कमी. पार्वताच्या घरी कोणी बोलत नाही. नलू ताट वाढते, पार्वता खाते, ताटाचाच काय तो आवाज. हे पान मले दोनदा वाचावं लागलं. लेखकाले घर पाहल्याशिवाय असं लिहिता येत नाही. कोणाच्या तरी खिडकीतून पाहलं त्यानं. चोर.

विहारात या पानावर मत दिलं नाही. गळा बसला होता.

नात रेणू दुसरीत आहे. तिनं विचारलं, आजी, तुह्या पुस्तकातली आजी कायले रागावते? मी म्हणलं, ती रागावत नाही, तिचं तोंडच तसं आहे. रेणू म्हणे, तुह्यासारखं? मी तिले लाडू दिला. तोंड भरलं की पोरं बोलत नाहीत.

३० ऑगस्ट

संघदीपनं शाळेतून रेणूचा दाखला आणला. म्हणे, असाच लागते. सरकार कशाचेही कागद मागते.

७ सप्टेंबर, रविवार

आज सुशिलाबाईनं भर बायात म्हणलं, या पुस्तकातली नलू भागीरथाबाईच्या घरी राहते वाटते. बाया पदर तोंडाले लावून हसल्या. अल्का उठून बाहेर गेली, चपलांपाशी उभी राहिली. मले वाईट वाटलं. पुस्तकाची अशी टिंगल करू नये.

संकल्प, पक्का: पुढच्या रविवारी घर मनात आणायचंच नाही. जे छापलं आहे त्यावरच बोलायचं. दाखवतो सुशिलीले, समीक्षा कशी असते.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपार

पाळला! संकल्प पाळला!

सांगतो. कथा इथवर आली की नलूले शहरात खोली भेटली. ती पार्वतापाशी येते अन् म्हणते, आई, तुमी संग चला. पार्वता कोंबड्यांले दाणे टाकत राहते. माझं बिडीचं पान तिथंच आहे.

विहारात मी उठायच्या आधी अल्काच उठली. कधी बोलत नाही, आज बोलली. हात पदरात गुंडाळलेले. म्हणे, आई, नलूनं सासूले संग चला म्हणलं. तिनं जावं का नाही? तुमाले काय वाटते?

सगळ्या माझ्याकडे पाहून राहिल्या. मी मनातून घर काढून टाकलं. डोळ्यासमोर फक्त पार्वता आणली. तिच्या कोंबड्या, तिचं भांडकुदळ तोंड, अन् लेखकानं सांगितलेली ती शहरातली खोली. एकच खोली, नळ सामाईक, संडास सामाईक. अशी बाई तिथं चार दिवसात शेजाऱ्यांच्या झिंज्या उपटेल. म्हणून स्पष्ट मत दिलं. नाही जावं. तिनं आपल्या घरात राहावं, आपल्या घरात मरावं. अन् सुनेनं एकदा विचारलं ते विचारलं, पुन्हा विचारू नये. पुन्हा विचारणं म्हणजे म्हातारीचा अपमान.

अल्का म्हणे, पक्कं, आई? मी म्हणलं, पक्कं.

गुरुजींनं टाळी वाजवली. सुशिलाबाईचं तोंड उघडं राहिलं. अल्काच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणजे पोरीले साहित्य समजते. मी उगीच तिले कमी लेखलं.

१६ सप्टेंबर

घरात बदल झाला. अल्का सरळ बोलते. भिंतीले नाही, मले. सकाळी म्हणे, आई, चहात आलं टाकू? अशा एका भाषणात सून सुधरते, हे आधी माहीत असतं तर कायले एवढं मीठ खाल्लं असतं.

१९ सप्टेंबर

बोदलकशाच्या तलावातल्या मासोळ्या आणल्या. अल्कानं काटे काढून वाढल्या. लग्नापासून पहिल्यांदा. मी म्हणलं, काय वो, काही मागायचं आहे का? म्हणे, नाही आई, काहीच नाही. अन् आत गेली.

२२ सप्टेंबर

अल्कानं पेटी काढून कपडे उन्हात टाकले. सगळे. रेणूचे पण. स्वच्छतेचं वेड घेतलं आहे. संघदीपनं गॅसचं लहान सिलेंडर आणलं. म्हणलं, कायले? तो माझ्याकडे न पाहता म्हणे, असू दे, कामाले येते. लाइट गेल्यावर चहाले असेल.

त्यानं मले मोबाइल घेऊन दिला, बटनाचा. एक नंबरचं बटन दाबून ठेवलं की अल्काले लागते म्हणे. मी म्हणलं, अल्का चुलीपाशी बसते, मले हाक मारता येते. त्यानं तरी चार वेळा दाबून दाखवलं.

सुशिलाबाई सांगून गेली की तुमच्या घरी झोपायले येत जाईन. पोरांसंग भांडली वाटते. बिचारी. ये म्हणलं.

कादंबरी आठ दिवस उघडली नाही. माझं मत देऊन झालं, आता लेखकानं काय ते करावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी असं करते का?

सकाळी दारात टेम्पो लागला. मले वाटलं सिमेंट आलं. संघदीप पेटी उचलून टाकून राहिला. मंग सिलेंडर, मंग रेणूचं दप्तर. मी म्हणलं, हे काय चालू आहे? अल्का नवीन लुगडं नेसून उभी होती. पाया पडली. म्हणे, आई, सोमवारपासून ड्युटी आहे. तुमाले संगच न्यायचं होतं, खोलीही दोन माणसं जास्त मावतील अशी पाहली होती. पण तुमी भर विहारात सांगितलं. म्हातारीनं आपल्या घरात राहावं, पुन्हा विचारू नये. मी पक्कं का म्हणून विचारलं होतं ना जी?

ते पुस्तकाचं होतं, म्हणायले तोंड उघडलं. खरंच पुस्तकाचं होतं. तीन महिन्यात तेवढंच एक मत पुस्तकाचं होतं. पण कुंपणापाशी सुशिलाबाई उभी होती, अन् तिच्यामागं अर्धा मोहल्ला.

मी म्हणलं, हो. सांगितलं होतं. जा. गाडीवाल्याले कायले थांबवता.

रेणू टेम्पोतून हात हलवत होती. मी गोठ्याकडे पाहत होती. गोठ्यात काही नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार

विहारात गेली नाही. गुडघे दुखतात. दोन ओळीत आटपतो.

भात जास्त झाला. हाताले एका माणसाचं माप येत नाही.

सुशिलाबाई झोपायले येते. घोरते. कालपासून तिच्यासंगही भाजीवरूनच बोलून राहिली.

७ ऑक्टोबर, मंगळवार. पौर्णिमा

आज वर्षावास संपला. गुरुजींचा निरोप आला, पुस्तक परत करा. मी म्हणलं, एंड वाचल्याशिवाय देत नाही.

दिवसभर वाचलं. अल्काचं तिकीट शेवटच्या पानावर होतं. म्हणजे तिनं मले विचारलं तेव्हा तिचं सगळं वाचून झालं होतं का? तिले माहीत होतं पुढं काय होते? माहीत असून विचारलं?

शेवट असा आहे. पार्वता कोंबड्या शेजारणीले देऊन टाकते. पिशवी घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहते. कोणाले सांगत नाही. गाडी येते. कंडक्टर म्हणते, आजी, चढता का? अन् पुस्तक संपलं.

संपलं! मी मागचं पुठ्ठं उलटून पाहलं. दुसरं काही नाही. एवढी पानं वाचायले लावली अन् म्हातारी गाडीत चढली का नाही तेवढं लिहिलं नाही. आभाळाले जागा होती. केसाले होती. मेल्याच्या घरी सासू नसेल.

संध्याकाळी

मत बदललं. मत बदलते, त्यात लाजायचं काय? मी ते अर्ध्यावर दिलं होतं, गुरुजींचाच नियम तसा होता. पार्वता वाटते तेवढी भांडकुदळ नाही. सामाईक नळावर तिनं जमवून घेतलं असतं. हे अल्काले कळवणं भाग आहे. फक्त पुस्तकासाठी. माझी पिशवी भरून दारापाशी ठेवली आहे, ती जुनी लुगडी बोहारणीले द्यायची म्हणून.

एक नंबर दाबला. संघदीपनं उचलला. जेवला का म्हणलं अन् ठेवला.

पुन्हा दाबला. रेणूनं उचलला. म्हणे, आजी, तुह्या पुस्तकातली आजी अजून रागावून आहे का? मी म्हणलं, आईले दे. म्हणे, आई ड्युटीवर आहे, मोबाइल घरी ठेवून गेली, मी विचारून सांगू का? ठेवला.

उद्या सकाळी पुन्हा लावतो. संघदीपनं उचलू नये, त्यानं आयुष्यात पुस्तक उघडलं नाही. रेणूनं उचलू नये. गुरुजींचं मत नको. सुशिलीनं मधात तोंड घालू नये. भर विहारात प्रश्न अल्कानं काढला होता, पूर्ण पुस्तक तिनं वाचलं आहे. म्हातारी गाडीत चढली का नाही, ते अल्कानंच सांगावं.