अजून पिवळंच

आजी, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि मला आज तुमच्याशी भांडायचंय.

लग्न होऊन नागपूरहून अड्याळला आले तेव्हा मी मॅट्रिक पास होते आणि चिखलाला कधी हात लावला नव्हता. धानाच्या रोपांच्या पहिल्याच रोवणीला तुमच्या नातवाने लांबूनच बोट दाखवलं, "ती आपली बांधी," आणि गेला बैल घेऊन. चिखलपाण्याची चौकोनी खाचरं, मेल्या सगळ्या बांध्या सारख्याच! तीन तास कंबर मोडून मी आपलं धान शेजारणीच्या बांधीत रोवलं. ती बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून म्हणते, "वा! अशी सून मले काहून नाई भेटली?" सगळ्या रोवणाऱ्या बाया हसल्या. मी तरातरा घरी आले आणि पिशवी भरली. उद्याच्या गाडीने माहेरी, बस्स.

दारात तुम्ही. वय पंच्याऐंशीच्या पुढे, तोंडात दोन दात, नवरा आणि तीन लेकरं डोळ्यांदेखत गेलेली, आणि तुम्ही पोट धरून हसताय! "हसू नका," मी ओरडलेच. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "अवो बाई, मी तं पहिल्या रोवनीत सासऱ्यालेच चिखलात पाडलं होतं! रडाचं हाये तं रड, पन जेवून घे. रोवलेलं धान आधी पिवळं पडते. तुहं लागते का मरते, थे पाहून घे. हिरवं झालं का खुशाल जाय."

मग मी रोज त्या परक्या बांधीवर. संध्याकाळी तुम्ही विचारायच्या, "झालं का हिरवं?"

"अजून पिवळंच."

"मंग थांब."

फेड म्हणून शेजारीण आपली राहून गेलेली बांधी रोवायला आली. तुम्हीही हौसेने उतरलात, चिखलात फतकल मारलीत आणि उठताच येईना. आम्ही दोघींनी ओढलं तर तिघीही आडव्या! सासरी त्या दिवशी मी पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले.

पोळा गेला, दसरा गेला, माझं "पिवळंच" सुरूच. दिवाळीच्या तोंडावर तुम्ही म्हणालात, "आता तं खरंच पिवळं झालं असन. इळा घे, कापाले चाल."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! आणि मी समजत होते, मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला फसवतेय. इतके दिवस खोटं बोलू दिलंत मला, याचाच राग आहे.

हे पत्र टाकणार कुठे? त्याच पिशवीत ठेवते. एवढंच तुम्हाला माहीत नसेल, की धान आठव्या दिवशीच हिरवंगार झालं होतं, आणि आता जावं लागणार म्हणून मी धुऱ्यावर बसून रडले होते.