दोन जावांची केळी

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार. (वाकून केला आहे, पण कंबर मध्येच अडली, तेव्हा उरलेला समजून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? लेक तुम्हाला जिना चढू देत नाही असं कळलं, ते बरंच करते. जावईबापूंना आशीर्वाद, नातीला पापा. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. यांचा खोकला आहे तसाच आहे, म्हणजे तोही ठणठणीत आहे.

पत्रास कारण, तुमच्या चिरंजीवांचा हुकूम. तुमच्या लेकीनं त्यांना विचारलंय म्हणे की आईला आता कायमचं इकडेच ठेवून घेऊ का, खोलीला रंगसुद्धा देऊन झालाय. आणि तुम्ही तिला म्हणालात, गाळ्यावर माझ्यावाचून काही अडत नसेल तर राहीन. म्हणून काल चिरंजीव कागद घेऊन माझ्यापुढे बसले. म्हणाले, काकू, आईला तूच लिही की इकडे काही अडत नाही, म्हणजे ती निवांत राहील. तुझं म्हणणं ती खरं मानते. (तुम्ही माझं म्हणणं खरं मानता, ही बातमी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळली.) तुम्ही राहिलात की केळी पिकवायची खोली मोकळी करून ती अवोकाडोला द्यायची, असाही त्यांचा बेत आहे. पोराचा हेतू चांगला आहे, तेव्हा सांगितल्याप्रमाणे लिहिते. इकडे काही अडत नाही. कसं अडत नाही ते आता सविस्तर सांगते.

तुमची पाठ वळली त्याच आठवड्यात चिरंजीवांनी गाळ्यावर अवोकाडो आणले. केळं डझनावर जातं, हे एकेक नगावर जातं, म्हणाले. तुम्ही ते फळ तिकडे पाहिलंच असेल. दिसायला पेरूचा रागावलेला भाऊ, हातात घ्यावं तर दगड, आणि भाव ऐकला की गिऱ्हाईक ते हळूच खाली ठेवून हात पुसतं. शिवाय त्याचा काही भरवसा नाही. एका आठवड्यात सगळं मार्केट पालथं घातलं तरी पेटी मिळत नाही आणि भाव आभाळाला भिडतो, पुढच्या आठवड्यात इतका माल उतरतो की आडते तो एकमेकांच्या गळ्यात मारत फिरतात. आपल्या केळ्यांचं तसं नव्हतं. केळी रोज यायची, रोज जायची, आणि भाव उतरायचाच असला तर आधी चार दिवस कुरकुर करून मग उतरायचा. असो. पहिल्याच दिवशी चिरंजीव चहाला गेले आणि मी गाळा राखत बसले. एक हॉटेलवाला आला, त्यानं भाव विचारला. पाटीवरचा आकडा मी नीट वाचून दाखवला, पण जिभेला जन्माची सवय, आकड्यामागं 'डझन' आपोआप आलं. तो माणूस एकदा पाटीकडे, एकदा माझ्याकडे बघून फार मायेनं मला 'आजी' म्हणाला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या पेट्या टेम्पोत भरून घेऊन गेला. (जाताना नमस्कारही केला. अशी माणसं आजकाल भेटत नाहीत, असं मी चिरंजीवांना कौतुकानं सांगितलं आणि मग त्यांचा चेहरा पाहिला.)

दुसऱ्या खेपेला मात्र मी जपून वागले. माल कच्चा होता म्हणून चिरंजीवांनी तो आपल्या पिकवायच्या खोलीत केळ्यांशेजारी ठेवला, आणि रोज सकाळी निवडून पुढे मांडायचं काम माझ्याकडे दिलं. आता काळं पडलेलं फळ बाजूला काढायचं, हे मला कुणी शिकवायला हवं का? हिरवी, टणक, चकचकीत होती ती मी पुढे मांडली, आणि काळी पडलेली हमालांना देऊन टाकली, न्या बाबांनो, टाकायचीच आहेत म्हणून. हमाल रोज हसतमुखानं न्यायचे. पुढे पुढे तर माझी तब्येत विचारायला आत यायला लागले, आज किती काळी पडली हो काकू, असं आडून विचारायचे. मला वाटलं, माणसं गरजू आहेत. मग एक दिवस एक बाई अवोकाडो आणि वाकलेली सुरी अशा दोन्ही गोष्टी घेऊन आल्या. ते फळ त्यांनी आठवडाभर खिडकीत ठेवलं होतं आणि ते जसंच्या तसं होतं. तेव्हा कुठं चिरंजीवांनी सांगितलं की हे फळ काळं पडलं म्हणजेच पिकलं. म्हणजे सोनं मी फुकट वाटत होते आणि गिऱ्हाइकांना दगड विकत होते. पण मला सांगा, उभ्या जन्मात काळं म्हणजे गेलं असं शिकलेल्या बाईनं हे ओळखावं तरी कसं? (उरलेली आम्ही घरी खाल्ली. मीठ लावून, साखर लावून आणि काही न लावून. चव कशाची आहे असं यांना विचारलं, तर बराच विचार करून म्हणाले, ओल्या खडूची.)

त्या दिवशी मी रुसून पिकवायच्या खोलीत जाऊन बसले. (रुसायच्या आपल्या जागा अजून तशाच आहेत, दाराच्या डावीकडे तुमची, उजवीकडे माझी.) आता तिथं ते यंत्र आहे, भिंतीवर आकडे चमकतात, गार हवा सुटते आणि वास म्हणून काही येत नाही. आपल्या वेळी काय होतं हो. घड पेंढ्यात रचायचे, वर गोणपाट टाकायचं, कोपऱ्यात धुरी ठेवायची, दाराच्या फटी मातीनं लिंपायच्या, आणि दार उघडलं की तो गोड, उबदार वास अंगावर यायचा. आपल्या साड्यांनाही तोच. पोरं म्हणायची, आईलाही केळ्याचा वास येतो आणि काकूलाही, मग अंधारात ओळखायचं कसं? भाऊजी आणि हे पुढे बसून बोली करायचे आणि सगळ्या मार्केटला वाटायचं, धंदा तेच चालवतात. आत आपण दोघी. पोराचा ताप बघावा तसा तुम्ही घडावर हात ठेवायचात आणि म्हणायचात, आज काढा. मी म्हणायचे, उद्या. तुम्हाला आयुष्यभर घाई, मला आयुष्यभर 'जरा थांबा'. मग जुंपायची. तुम्ही माझ्या माहेरापर्यंत जायचात, मी तुमच्या चहात साखर घालायला विसरायचे, बाहेरून भाऊजी विचारायचे की आज दार उघडणार आहे की आम्ही घरी जाऊ, आणि असं करता करता उन्हं कलायची. शेवटी दोघींपैकी कुणीतरी दमायचं आणि घड बाहेर यायचे. (यंत्र आलं तरी ही रीत काही सुटली नाही.) आणि काय केळी असायची ती, जाऊबाई. देठाशी जराशी हिरवी, बाकी सगळी पिवळीधम्मक, सालीवर डाग म्हणून नाही. फेरीवाले बाकीचे गाळे ओलांडून आपल्याकडे यायचे आणि म्हणायचे, दोन जावांची केळी द्या. आपल्या गाळ्याला पाटी कधी लावावीच लागली नाही.

तुम्ही गेल्यावर पहिल्या खेपेला मी त्या खोलीत गेले, घड बघितले आणि म्हटलं, उद्या. म्हटलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. समोरून 'आज' म्हणायला कुणीच नव्हतं. चिरंजीव म्हणाले, काकू म्हणेल तसं. (पोरगा फार गुणी वाढवलात तुम्ही, काही उपयोगाचा नाही.) दुसऱ्या दिवशीही मला वाटलं, अजून उद्या. पुन्हा तेच, काकू म्हणेल तसं. शेवटी काढली तेव्हा साली ठिपक्यांनी भरल्या होत्या, केळी फण्यांतून गळत होती, आणि सगळा माल ज्यूसवाल्याच्या पायाशी पडेल त्या भावात ओतावा लागला. म्हणून पुढच्या खेपेला तुमच्यासारखं 'आज' म्हणून पाहिलं. तर शाळेच्या कँटीनवाल्या बाई फण्या परत घेऊन आल्या, इतकी टणक की मुलं त्यांनी मारामारी करतात म्हणून. मग म्हटलं, आपल्याला भांडणच पाहिजे. यांना खोलीत उभं केलं आणि समजावलं, मी उद्या म्हणेन, तुम्ही आज म्हणा आणि मागं हटू नका. यांनी 'आज' म्हटलं. मी नुसते डोळे वटारले. 'बरं, उद्या,' म्हणाले आणि खोकत बाहेर निघून गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मला वाटायचं केळी मला कळतात, आणि तुम्हाला वाटायचं तुम्हाला. दोघींनाही काडीचं कळत नव्हतं. आपलं भांडण मिटेपर्यंत केळी आपली आपण पिकून तयार व्हायची. हे कळलं आणि मी खोलीत एकटीच हसत सुटले, आणि मग हसता हसता रडले. यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही ते बरं झालं. आपला तो जुना चष्मेवाला फेरीवाला आता समोरच्या गाळ्यावरून माल उचलतो. आपल्यापुढून जाताना गाडीची चाकं बघत जातो, आणि मीही हिशेबात गुंतल्यासारखं करते. महिनाअखेरीपर्यंत केळी सुधारली नाहीत तर तुम्ही राहा वा न राहा, खोली अवोकाडोला जाणारच, असं चिरंजीव आता म्हणायला लागलेत. त्यांचंही चुकत नाही.

एकंदरीत काय, इकडे काही अडत नाही. तुम्ही लेकीकडे सुखानं राहावं, गुडघा जपावा, रंग दिलेल्या खोलीत वारा येतो ना ते बघावं. थोरांना नमस्कार, लहानांना जे लागेल ते.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. चिरंजीवांनी पत्र वाचायला घेतलं, 'इकडे काही अडत नाही' इथवर आले, छान लिहिलंयस काकू म्हणाले आणि लिलावाची हाक आली म्हणून उठले. पाकीट मीच चिकटवणार आहे. तेव्हा इथून खालचं फक्त तुमचं.

ता. क. २. अवोकाडो तुमच्या लेकीच्याच गावावरून येतात, हे मला परवा ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितलं. भला माणूस आहे, गाडीही दामटत नाही. येत्या नाही, पुढच्या गुरुवारी सकाळी तो तुमच्या इमारतीखाली थांबेल. पुढची सीट तुमची. पाय लांब करता येतात, मी स्वतः चढून बसून बघितलं. (चढले झोकात, उतरवायला दोन हमाल लागले.) लेकीला दुखवू नका. तिला सांगा, महागाचा माल आहे, सोबत घरचं माणूस हवं. खोलीत तुमच्या गुडघ्यासाठी खुर्ची आणून ठेवली आहे, भांडण बसूनही करता येतं.

ता. क. ३. केळ्यांसाठी या असं वर आडून सुचवलं, ते खोटं आहे. खोली गेली तर गेली, अवोकाडोही विकीन, काळं कोणतं आणि पिकलं कोणतं ते आता कळायला लागलंय. पण दिवसभर मी काहीही बोलले तरी सगळे बरं बरं म्हणतात, आणि मला एकदम म्हातारी झाल्यासारखं वाटतं. तुम्ही आलात की माझ्या पत्राचं नाव काढू नका. सगळ्यांसमोर म्हणा, तिकडे करमेना म्हणून आले. आणि ते खरं असलं, तर मला एकटीला गाठून परत एकदा सांगा.