अप्पांचा पहिला नंबर

१ फेब्रुवारी, रविवार
गॅरेज-मोहीम सुरू. पंधरवड्यात गॅरेज रिकामं, गाडी आत, उरलेल्या जागेत माझं वर्कशॉप. ऑफिसातून खास रजा घेतली आहे. ही म्हणाली की मागच्या वर्षीही रजा घेतली होतीत. मागच्या वर्षीची गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी अप्पा गेले आणि मग राहूनच गेलं.

सामानाची पाहणी केली. प्रिंटर तीन, छापणारा एकही नाही. वायरींची टोपली. फ्रीजचं खोकं (फ्रीज केव्हाच गेला). सायकल मारून वीज तयार करण्याचा माझा प्रकल्प, पाऊण झालेला. कोपऱ्यात अप्पांचा जुना कॉम्प्युटर. पंखा फार घरघरतो म्हणून मीच तो सर्वांच्या सोयीसाठी घरातून इथे हलवला होता. त्याच्यासमोर दोन खुर्च्या. एका माणसाला दोन कशाला, कोण जाणे.

२ फेब्रुवारी
शास्त्रशुद्ध पद्धत: तीन ढीग. 'ठेवायचं', 'टाकायचं' आणि 'बघू'. संध्याकाळपर्यंत 'बघू' माझ्या खांद्याला लागला. 'टाकायचं'मध्ये एक पायपुसणं. तेही हिने उचलून घरात नेलं, चांगलं आहे म्हणून. इथेच घोडं पेंड खातं.

अप्पांचा कॉम्प्युटर 'बघू'त.

३ फेब्रुवारी, दुपारी
जेवणानंतर डोळे मिटून पुढची आखणी करत होतो. (ही त्याला घोरणं म्हणते.) गॅरेजकडून घरघर ऐकू आली. तो पंखा मी शंभर पंख्यांत ओळखेन. उठून, चपला शोधून जाईपर्यंत आवाज बंद. कॅबिनेटला हात लावला तर गरम.

वायरिंगमधला दोष. उद्या सगळं वायरिंग बदलायचं.

५ फेब्रुवारी
वायरिंग बदललं नाही, स्क्रू-ड्रायव्हर 'बघू'च्या तळाशी आहे. दुपारी पुन्हा घरघर. या वेळी गेलो आणि मशीन चालू केलं. त्यात दुसरं काही नाहीच, पत्ते लावायचा एक खेळ. अप्पा रिटायर झाल्यापासून रोज दुपारी तोच खेळायचे. खेळ सोडला की गुण आणि पहिल्या दहांची यादी येते. सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांत अप्पांचं नाव. खाली नऊ ओळी, नावाची जागा कोरी. दुसरा नंबर अप्पांच्या अगदी पाठोपाठ.

या कोऱ्या ओळी कुणाच्या? घरात हा खेळ दुसरं कुणी खेळत नाही. हिला वेळ नाही. आई जेवली की फिरायला जाते, त्यामुळे तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

हिला म्हणालो, कुणीतरी बाहेरून आपलं मशीन हॅक करतंय.  ही म्हणाली की त्या कॉम्प्युटरला सध्या हात लावू नका, आधी प्रिंटर टाका. तांत्रिक गोष्टी बायकोला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

७ फेब्रुवारी
प्रयोग केला. सकाळी प्लग काढून ठेवला. दुपारनंतर जाऊन पाहिलं तर प्लग लावलेला! स्क्रीन स्वच्छ पुसलेली. अप्पांच्या खुर्चीवरची उशी नीट थोपटून ठेवलेली. अप्पा उठताना नेहमी ती थोपटायचे.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे गरज पडली की वाचता येईल.

८ फेब्रुवारी
वाचलं. दोनदा.

९ फेब्रुवारी
आज आखणी न करता जागा राहिलो. आवाज सुरू झाल्याबरोबर गॅरेजच्या दाराशी. आत पंखा घरघरतोय, मधूनच बटणाची टकटक. मग एक लांब सुस्कारा, डाव हरल्यावर अप्पा सोडायचे तसा.

दार उघडलं नाही. घाबरलो म्हणून नव्हे. निरीक्षकाने प्रयोगात ढवळाढवळ करायची नसते. घरात येऊन पाणी प्यायलो, अर्धं सदऱ्यावर सांडलं. जेवण कमी पडलं असावं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. अप्पा आत असतील तर मला हाक का मारत नाहीत? दाराबाहेर मी उभा आहे हे त्यांना कळत असेलच की. शेवटी हॉस्पिटलातही ते माझ्याशी फारसं बोलले नव्हते. मी सलाइनचा स्टँड दुरुस्त करण्यात गुंतलो होतो, तो डुगडुगत होता.

१० फेब्रुवारी
उलगडा झाला. कोऱ्या ओळींचे आकडे रोज टिपून घेत होतो. दुसरा नंबर पहिल्याच्या जवळ जवळ जातो, पण पुढे कधीच जात नाही. कधीच! याचा अर्थ अप्पा अडकलेत. स्वतःचाच नंबर मोडायचा म्हणून रोज दुपारी येतात आणि रोज हरतात. डाव अर्धा टाकून उठणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. वर्ष होत आलं, बिचाऱ्यांची सुटका नाही.

चहाच्या वेळी आईला आडून आडून विचारलं, अप्पांना शेवटी कसली काळजी होती का. आई म्हणाली, होती, आपल्यामागे गॅरेज कोण आवरणार याची. हा विनोद मला आवडला नाही.

उपाय एकच, फॉरमॅट. सगळी डिस्क कोरी करायची, यादी साफ, नंबर साफ. मोडायला नंबरच उरला नाही की माणूस मोकळा. मुलगा म्हणून हे मलाच केलं पाहिजे. हिला सांगितलं की व्हायरस आहे. ही म्हणाली की एकदा आईंना विचारून घ्या. वडिलांची अवस्था आईला कुठल्या तोंडाने सांगायची? काही गोष्टी कर्त्या माणसाने एकट्यानेच सोसायच्या असतात.

१२ फेब्रुवारी, सकाळी
केलं. आधी बॅकअप घेतला, मी काही लहान मूल नाही. मग फॉरमॅट. मग खेळ पुन्हा नव्याने भरला, पाटी कोरी. मशीनसमोर उभा राहून म्हणालो, अप्पा, सुटलात. गॅरेजमध्ये धूळ फार आहे, डोळ्यांतून पाणी येत होतं.

छान हलकं वाटतंय.

संध्याकाळी
दुपारी घरघर सुरू झाली आणि थांबेचना. म्हणजे सुटले नाहीत? मन घट्ट करून दार उघडलं.

आत आई. अप्पांच्या खुर्चीत नव्हे, दुसऱ्या. ती पुढे ओढून बसली होती. मला म्हणाली की इथली यादी कुठे गेली रे.

मग तिने सांगितलं, आणि ते मला आज लिहून काढलंच पाहिजे. अप्पा पुढे बसायचे आणि ती मागच्या खुर्चीतून कुठला पत्ता कुठे लावायचा ते सांगायची. तिचं ऐकलं तो डाव लागायचा. पहिला नंबर तसाच आला होता, पण नाव अप्पांनी स्वतःचं टाकलं. तिने टाकू दिलं. ते गेल्यावर ती फिरायला म्हणून निघते ती गॅरेजच्या बाजूच्या दाराने इथे येते. डाव हळूहळू लावत नेते. अप्पांच्या आकड्याशी आलं की तिथेच सोडून देते. पुढे गेलं तर त्यांचं नाव खाली जाईल म्हणून. तिचं स्वतःचं नाव तिने कधी टाकलंच नाही. एवढ्या यादीत एक नाव असलं की पुरे होतं, म्हणाली.

हिला माहीत होतं. समोरच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत होतं, तो येता-जाता दार लोटून घ्यायचा.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी
घाबरण्याचं कारण नाही, बॅकअप आहे.

बॅकअप त्याच डिस्कवर घेतला होता. दुसऱ्या कप्प्यात, पण त्याच डिस्कवर. आणि फॉरमॅट मी दोन्ही कप्पे केले, काम अर्धवट नको म्हणून. कॉम्प्युटरच्या दुकानात डिस्क घेऊन गेलो. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. मग आतून भागीदाराला बोलावलं आणि मला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. यातून काही परत येणार नाही, असं दोघेही म्हणाले. हल्ली जाणकार माणसं राहिलीच नाहीत.

१४ फेब्रुवारी
खचून चालणार नाही. नवी योजना: मी स्वतः खेळायचं, दणदणीत गुण मिळवायचे, नाव अप्पांचं टाकायचं. आई पुन्हा त्याच्या खाली खेळू लागेल. पत्ते म्हणजे शेवटी गणित, आणि गणितात मला गती आहे. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

१५ फेब्रुवारी
गणिताचा काही संबंध नाही. निव्वळ नशीब.

१६ फेब्रुवारी
खेळात 'मदत' नावाचं बटण आहे, दाबलं की पुढची चाल दाखवतं. रजा वाढवून दिवसभर तेच दाबत होतो. प्रत्येक मदतीला गुण कापतात हे संध्याकाळी समजलं. पण मदतीशिवाय माझं पान हलत नाही. आईला विचारलं असतं तर तिने एका दमात सांगितलं असतं. तिला कळू न देता करायचंय, तिथेच घोडं अडतं.

ही जेवायला बोलवायला आली. काय चाललंय ते पाहिलं. ताट तिथेच आणून दिलं.

१७ फेब्रुवारी
झालं! गुण शून्याच्या वर आले. फार वर नाहीत, पण यादीत दुसरं कुणी नसल्यामुळे पहिला नंबर. जपून एकेक अक्षर टाकलं, अप्पा. स्क्रीनवर ते नाव पुन्हा दिसल्यावर उठताना खुर्चीवरची उशी थोपटून ठेवली. आईला सांगितलं की यादी थोडीफार परत मिळवली. ती म्हणाली, असं? तिला पटलं असावं.

१८ फेब्रुवारी
दुपारी आईबरोबर गॅरेजमध्ये गेलो. ती तिच्या खुर्चीत बसली, मी मागे उभा. यादी उघडून दाखवली. तिने नावावरून बोट फिरवलं. आकडा वाचला. मग पदराने चष्मा पुसला आणि नवा डाव घेतला.

या खेळात एक्का आला की तो आपोआप वर जातो आणि गुण मिळतात. पत्ते वाटतानाच तीन एक्के वर गेले. आईच्या लक्षात आलं. एकही पत्ता न हलवता तिने लगेच डाव सोडला. तरी उशीर झाला होता. यादी आली. वर एक कोरी ओळ आणि दुसऱ्या नंबरवर अप्पा.

हरायला बसलेल्या माणसालासुद्धा माझ्या खाली राहता आलं नाही. मी म्हणालो, मशीन जुनं आहे, कधीकधी चुकतं.

 आई म्हणाली की तुझे अप्पा इतकं वाईट खेळत नव्हते रे. आवाज मऊच होता. मग विचारलं की हे नाव इथून पुसता येईल का.

हो म्हणालो. तेवढं मला येतं.