आईचं आपल्यात आलेलं

प्रिय ठमे,

बेकरीतून आत्ताच खोलीवर आलो. कपड्यांना अजून पिठाचा वास आहे. खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर मीच बसतो, त्यामुळे दुसरी घ्यायची वेळच आली नाही.

तुला आई आठवते ना? महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि मग एकाएकी उठून घरातली सगळी दारं पिवळी रंगवणारी. ‘आज शाळा बंद, आज आपलं राज्य!’ असं ती म्हणाली, की तू टाळ्या पिटायचीस आणि मी दप्तर घेऊन दाराशी उभा राहायचो. बाबा पाहुण्यांना सांगायचे, ‘तिचा स्वभावच जरा लहरी आहे.’ आजाराचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

मोठेपणी आपण एकमेकांवर पाळतच ठेवली. तू जरा जास्त हसलीस की मी तुला निरखायला लागायचो. मी दुपारपर्यंत लोळलो की तू दार बडवायचीस. त्या नजरा नकोशा झाल्या म्हणूनच आपण लांब राहायला गेलो, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी ते माझ्यात आलं. डोळ्याला डोळा लागत नव्हता, तरी अंगात हत्तीचं बळ. इतकं पीठ मळलं, की पाव फुटपाथवर रचावे लागले. येईल-जाईल त्याला फुकट वाटत सुटलो. मालकाने हात धरला, तर मी त्यालाच कामावरून काढून टाकलं! लोक हसले, मीही हसलो. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आईकडून या आजाराचा कल आला असेल. पण कल म्हणजे निकाल नव्हे. बहिणीला होईलच असं नाही, पण तिला माहीत असू द्या.’ आता गोळ्या चालू आहेत, वेळेवर झोपतो. मालकाने परत ठेवून घेतलंय. हे सगळं फोनवर सांगणार होतो, पण तू इतकी मजेत बोलायचीस, की मी पावसापाण्याचं विचारून फोन ठेवायचो.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. तू झोपत नाहीस, दुकान थाटायचं म्हणून स्वयंपाकघराची भिंत फोडायला घेतलीस, आणि त्याला घराबाहेर काढून आतून कडी लावलीस. माझाही फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. सकाळच्या गाडीने येतोय. हे पत्र दाराखालून आत सरकवीन आणि पायरीवर बसून राहीन. भांडायचं तर भांड, पण कडी काढ. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा गाडीत तिच्या शेजारी आपलं कुणीच नव्हतं. तुझ्या शेजारी मी बसेन.

तुझाच,
दाराबाहेरचा दादा