आपलंवालं थांब

बार्न्सली,
मंगळवार, १२ मार्च २०१९

लॉर्ना,

कशी आहेस? आम्ही बरे आहोत. बेकरीत मला आता काउंटरवर उभं करतात, पण मी मान खाली घालूनच पाव देते. डॅडचं एक कबुतर शर्यत सोडून मिसेस हेपवर्थच्या छपरावर जाऊन बसलंय, खाली यायचं नाव घेत नाही.

फोन नाही केला. फोनवर माझं काय होतं तुला माहितेय.

तू लिहिलेल्या मालिकेवरून अमेरिकनांनी काढलेली ती मालिका रविवारी बघितली. शेजारची मिसेस हेपवर्थपण आली होती. आधी नुसते हसत होतो. आपलं घर म्हणून केवढा बंगला दाखवलाय! डॅड म्हणाला, "बघ गं कर्स्टी, माझे दात किती पांढरे झालेत."

"दातांचं काय घेऊन बसलास मेल्या," मिसेस हेपवर्थ म्हणाली, "केस परत आलेत ते बघ की!"

मग तो दारातला सीन आला.

तुझ्या मालिकेत कसं, डॅड बॅग घेऊन समुद्रावरच्या कामाला निघालाय, मम्मी रुसलीय, आणि छोटी त्याचा कोट धरून म्हणते, "थांब, डॅड, थांब." म्हणजे मीच ती, सहा वर्षांची. आपल्याकडे थांब म्हणजे राहा, जाऊ नको. इथे सगळी गल्ली रडली होती त्या सीनला.

अमेरिकन डॅडच्या हातात बॅगच नव्हती. त्याने मम्मीवर हात उचलला. आणि पोरगी किंचाळली, "थांब, डॅड, थांब!"

मिसेस हेपवर्थ उठली, "ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलंय," म्हणाली आणि गेली. तिचा ओव्हन नाताळापासून बंद पडलाय.

डॅड टीव्हीकडे बघत म्हणाला, "लॉर्नाला असं आठवतं का गं?"

एवढंच. मम्मी असती तर तिने टीव्हीलाच शिव्या घातल्या असत्या. पण ती नाही. तो दिवस नीट आठवणारी आता तूच एक, जिन्यावर उभी होतीस ना.

काल स्वयंपाकघरात माझ्या डोक्यावरच्या कपाटातून चहाचा डबा काढायला त्याने हात वर केला आणि अर्ध्यातच खाली घेतला. "तूच काढ," म्हणाला. मला हे अजून खरंच वाटत नाही. आपला डॅड गं. कबुतराला धरतानापण श्वास रोखून धरतो तो.

मी तुझ्यावर जाम चिडले होते. तीन पानं लिहिली आणि फाडली. एकदा मालिका विकली की ते अमेरिकन तुला काही दाखवत नाहीत, हे तू सांगितलं होतंस, तरी. कारण तुझ्यावर चिडणं सोपं होतं.

नोव्हेंबरात त्यांच्या ऑफिसातल्या एका बाईचा फोन आला होता. तूच नंबर दिलेलास, आमच्या कर्स्टीला विचारा, ती आपल्याकडची बोली अस्सल बोलते म्हणून. ती बाई तुझ्या मालिकेतला आपल्याकडचा एकेक शब्द विचारत होती. मला वाटलं माझं बोलणं ऐकून हसेल, शाळेत सगळे हसायचे तसं. मग मी काही सांगितलंच नाही, सगळ्याला नुसतं हो हो म्हणत गेले. शेवटी तिने विचारलं, "आणि हे थांब, म्हणजे 'बंद कर ते', असंच ना?"

मी हो म्हणाले.

एक अक्षर गं. तेवढ्यात डॅड मारणारा झाला.

त्याला अजून सांगितलं नाहीये. आज संध्याकाळी सांगणार, तोंडाने. पत्र आधी पेटीत टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. पण मी सांगून अर्धंच होईल. "मी जिन्यावर होते डॅड, तू हात उचलला नव्हतास," हे तुझ्याच तोंडून यायला पाहिजे.

रविवारी ये. आणि नेहमीसारखी दुपारचं जेवून लगेच लंडनची गाडी पकडू नको.

थांब. आपलंवालं.

कर्स्टी